कॉलेजच्या वर्गासाठी पाच मिनिटांचा पहिला माहितीपट कसा करावा

व्हिडिओ निर्मितीचा वर्ग घेतला तेव्हा मला वाटलं होतं की सत्रभर कॅमेरा शिकायचा. कॅमेरा दोन-तीन तासिकांत आटोपला. उरलेलं सत्र गेलं ते एका वाक्याची किंमत मोजण्यात: "असू दे, एडिटमध्ये बघू." शूटच्या दिवशी हे म्हणताना अगदी मोकळं वाटतं. रात्री दोन वाजता टाइमलाइनसमोर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीसमोर, बसलं की लक्षात येतं, बघायचं ते आपल्यालाच.

आमच्या गटाला पाच मिनिटांचा माहितीपट करायचा होता. गटातल्या मैत्रिणीचे आजोबा घरीच टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून त्यांच्यावरच करायचं ठरलं. खाली दिलेला क्रम आम्ही पाळलेला नाही. पुन्हा करायची वेळ आली तर मात्र असाच करेन.

विषय एका वाक्यात लिहा

"घड्याळदुरुस्ती" एवढं लिहून आम्ही कागद सरांकडे दिला. त्यांनी तो तसाच परत केला, "यात घडतंय काय?" एवढंच विचारून. मग आम्ही आजोबांकडे नुसते जाऊन बसलो, कॅमेरा न घेता. तासाभराने एक गोष्ट दिसली. पेन उचलताना, चष्मा पुसताना त्यांचा हात थरथरतो, पण डोळ्याला भिंग लावून चिमटा हातात घेतला की तोच हात स्थिर होतो. घरी येऊन वाक्य लिहिलं: "थरथरणारा हात कामाला लागला की थांबतो." हे पडद्यावर दाखवता येतं. तुमच्या वाक्यातही असं डोळ्यांना दिसणारं क्रियापद हवं. ते सापडत नसेल तर अजून एक तास बसा, कॅमेरा बाहेर काढू नका.

त्याच भेटीत परवानगी घ्या, शक्यतो लेखी. फिल्म कुठे दाखवली जाईल तेही स्पष्ट सांगा. वर्गात दाखवायला दिलेला होकार इंटरनेटवर टाकण्यासाठी धरता येत नाही.

जागा डोळे मिटून पाहा

शूटच्या आधी जागा बघायला गेलात की सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. आधी काहीच ऐकू येत नाही. मग फ्रीज ऐकू येतो, पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या खोलीतला टीव्ही. आपला मेंदू हे आवाज गाळून टाकतो, माईक गाळत नाही. ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजापुढे लिहा, बंद करता येतो की नाही. फ्रीज बंद केलात तर घराच्या किल्ल्या त्यातच ठेवा. हा शूटवाल्यांचा जुना तोडगा आहे: निघताना किल्ल्या शोधाल आणि फ्रीज आपोआप चालू कराल.

आम्हाला त्या खोलीत एक भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं होतं. सेलवर चालणारं, जरा मोठ्याने टिकटिकणारं, नेमकं आजोबांच्या खुर्चीमागे. माझ्या वहीत नोंदही आहे: "घड्याळ – टिकटिक." पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलंय: "छान वाटेल, वातावरण येईल." आणि खाली, "फार झालं तर एडिटमध्ये बघू."

कामं वाटून घ्या, आणि आवाजाला एक माणूस द्या

आम्ही चौघं होतो आणि चौघंही दिग्दर्शक होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण चौघांनाही अजून एकमेकांशी बोलायचं आहे. एवढं मात्र करा: एक जण फक्त आवाज बघेल. हेडफोन कानाला, नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या लेव्हलच्या पट्टीवर, दुसरं काही काम नाही. चालू मुलाखतीत "थांबा, मोटारसायकल गेली, पुन्हा बोलाल का?" असं म्हणायचा अधिकार त्याला आधीच देऊन ठेवा. आयत्या वेळी तेवढी भीड कुणाची चेपत नाही.

प्रश्न असे लिहा की तुमचा आवाज काढून टाकता येईल

मुलाखतीत विचारणाऱ्याचा आवाज सहसा ठेवत नाहीत. मी पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, तुम्ही हे काम कधी सुरू केलंत?" ते म्हणाले, "चौदाव्या वर्षी." प्रश्न कापला की उरतात दोन शब्द, आणि त्यांचं करायचं काय हे एडिटरला कळत नाही. तेच असं विचारायला हवं होतं: "आजोबा, पहिलं घड्याळ उघडलंत त्या दिवसाचं सांगा ना." उत्तराची सुरुवात प्रश्नातल्या शब्दांनीच करा, असंही आधी सांगून ठेवता येतं. पण सारखी आठवण करून देऊ नका. माणूस अवघडतो आणि पुस्तकी बोलायला लागतो.

उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनातल्या मनात तीन आकडे मोजा. ती शांतता भरून काढायला माणूस जे बोलतो, ते बऱ्याचदा आधीच्या सगळ्या उत्तरापेक्षा चांगलं असतं. शिवाय कट करायला जागा मिळते.

कॅमेऱ्याची जुळवाजुळव

हे पटकन उरकते. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम्स (म्हणजे २५ चित्रं) आणि शटर १/५० सेकंद. ६० हर्ट्झची असेल तिथे ३० फ्रेम्स आणि १/६०. नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं ते) ऑटोवर ठेवू नका, शॉटच्या मध्येच रंग बदलतो. पिवळ्या दिव्यासाठी साधारण ३२०० केल्व्हिन, दिवसाच्या उजेडासाठी ५६००. खोलीत दोन्ही असतील तर एक निवडा: दिवा बंद करा किंवा पडदा ओढा. खिडकी माणसाच्या पाठीशी नको, बाजूला घ्या. आमच्याकडे एकही लाइट नव्हता. त्या एका खिडकीवर अख्खी फिल्म झाली आणि प्रकाशाबद्दल कुणीही तक्रार केली नाही.

कार्डाचं गणित घरीच करा. सेकंदाला १०० मेगाबिट दराने रेकॉर्ड केलं तर मिनिटाला ७५० मेगाबाइट जातात, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करा आणि चार्ज झालेल्यांवर चिकटपट्टी लावा.

आवाज आधी, चित्र नंतर

वर्गातल्या पहिल्या सरावात आम्हाला दोन क्लिप दाखवल्या होत्या. एकीत चित्र धूसर आणि आवाज स्वच्छ, दुसरीत नेमकं उलटं. दुसरी क्लिप अर्ध्या मिनिटाच्या वर कुणाला सोसवली नाही.

माईक जवळ आणा, बाकी सगळं त्यानंतर. मोकळ्या जागेत माईकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि खोलीतला गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. कॉलरचा माईक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा; साखळी, खिशातलं पेन, कडक कापड यांपासून लांब. बोलणं लेव्हलच्या पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळू द्या. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट शिवता येत नाही.

मुलाखत संपली की कुणालाही हलू न देता एक मिनिट खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांच्या मधली फट बुजवायला हाच लागतो. तिथे निव्वळ शांतता ठेवली तर कान दचकतो. हे एक मिनिट फार लांब वाटतं. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये चाळिसाव्या सेकंदाला मीच हसलेली ऐकू येते.

एक कृती, पाच शॉट

आजोबा घड्याळाचं मागचं झाकण उघडतात. हे पाच शॉटमध्ये घ्या: हात, चेहरा, हात आणि चेहरा एकत्र, खांद्यावरून दिसणारं टेबल, आणि एखादा असा शॉट जो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. पाचवा सापडेपर्यंत घाई करू नका. माझा पाचवा म्हणजे त्यांनी सुटे केलेले स्क्रू एका बाटलीच्या झाकणात, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने गोल मांडलेले.

प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद धरा. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं की आपण धरलाय. माझे शॉट नंतर मोजले तर चार-चार सेकंदांचे निघाले, आणि त्यातलं शेवटचं सेकंद कॅमेरा खाली करण्यात गेलेलं. मनात दहा मोजा, मगच हात लावा.

दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ कल्पा आणि तिच्या एकाच बाजूला राहा. पलीकडे गेलात की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात.

फुटेज त्याच दिवशी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. कॉपी झाली असं समजू नका. फाइल्स उघडून बघा, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा.

एडिट कानांनी सुरू करा

मुलाखत शब्दशः लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण सत्तर मिनिटांच्या फुटेजमध्ये हरवण्यापेक्षा बरं. छापील कागदावर हव्या त्या ओळी अधोरेखित करा, कात्रीने कापा, जमिनीवर मांडा. मग टाइमलाइनवर आधी फक्त आवाज लावा आणि स्क्रीन बंद करून ऐका. असं ऐकताना गोष्ट समजली, तरच चित्रांना हात घाला.

आम्ही आजोबांच्या उत्तरांचा क्रम बदलला. सुरुवातीचं मध्ये, शेवटचं आधी. आवाजात झकास जमलं. रफ कट, म्हणजे पहिला कच्चा एडिट, वर्गात दाखवला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मागचं घड्याळ उलटं का चाललंय?" खरंच की. आजोबांच्या डोक्यामागे अकरा वीस, पुढच्या वाक्याला दहा पंचेचाळीस, मग पुन्हा अकरा पाच. आठवडाभर ती फिल्म बघत होतो, चौघांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

काटे लपवायला जिथे जिथे उडी होती तिथे हातांचे शॉट टाकले. तेवढ्यासाठी तरी ते पाच शॉट घ्याच. मग उरली टिकटिक. वाक्य कापलं की दोन टिकटिक जवळ येतात किंवा एक गायब होते. एकदा कानाला लागली की दुसरं काही ऐकूच येत नाही. शेवटी उपाय सापडला तो फ्रेम्समध्ये. ते घड्याळ सेकंदाला एकदा वाजत होतं आणि आमची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेम्सची होती. म्हणून प्रत्येक कट इतका सरकवला की आधीच्या टिकपासून पुढची टिक बरोबर २५ फ्रेम्सवर पडेल. एकेचाळीस कट. दोन रात्री.

याच टप्प्यावर एका मोहापासून सावध राहा. १९२०च्या आसपास रशियात चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी जोडून दाखवला. सूप पाहून प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, शवपेटी पाहून दुःख, असं सांगतात. आमच्याकडे आजोबांचा असाच एक शॉट होता, शून्यात बघणारा. "आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतो" या वाक्यानंतर तो ठेवला आणि खोलीत सगळे गप्प झाले. पण तो चेहरा आमची बॅटरी बदलून होण्याची वाट बघणाऱ्या माणसाचा होता. वादावादी झाली. मी काढा म्हणाले, दोघं ठेवा म्हणाले. अखेर काढला. अजूनही त्या जागी फिल्म थोडी लंगडते, हे मान्य आहे.

संगीत सगळ्यात शेवटी, आणि वापरायची परवानगी असलेलंच. आधी लावलं की ढिला कटसुद्धा चांगला वाटायला लागतो.

दाखवा, आणि बोलू नका

रफ कट अशा माणसाला दाखवा ज्याला विषयाची काहीच कल्पना नाही. चालू असताना "इथे अजून आवाज नीट करायचाय" असं एकदाही म्हणू नका. त्याची नजर पडद्यावरून कुठे हलते, तेवढी वेळ टिपून ठेवा. संपल्यावर "कशी वाटली?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, "छान" हेच उत्तर येतं. "कशाबद्दल होती?" असं विचारा आणि त्याचं उत्तर तुमच्या पहिल्या वाक्याशी ताडून बघा.

एक्सपोर्ट, म्हणजे एडिटमधून शेवटची फाइल काढणं, जमा करायच्या आदल्या दिवशी करा. १९२० बाय १०८० पिक्सेल, एच.२६४ फॉरमॅट, बहुतेक वर्गांना चालतं. झालेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या स्पीकरवर बघा.

फिल्म जमा केल्यावर आम्ही ती आजोबांना दाखवायला गेलो. त्यांनी भिंग लावूनच बघितली, का ते माहीत नाही. संपल्यावर मी मोठ्या अभिमानाने टिकटिकीचं सगळं प्रकरण सांगितलं: २५ फ्रेम्स, एकेचाळीस कट, दोन रात्री. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, मग मला सांगायचं नाही का," ते म्हणाले, "सेल काढला असता की."