जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवण्याआधी
धुळे-जळगावकडे जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचे विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवून घेणार असाल, तर जीपचा आणि नव्या स्टिअरिंगचा असे दोन शाफ्ट (स्टिअरिंगचे वळण चाकांकडे नेणारे दांडे) कसे जोडले जातात हे गॅरेजमध्ये स्वतः उभे राहून पाहावे. कारण साध्या वेल्डिंगचा जोड वरून भक्कम दिसला तरी सततच्या पिळाने त्याला बारीक चीर जाऊ शकते, आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तो तुटला तर चाके वळवण्याचा दुसरा मार्गच उरत नाही. शाफ्टच्या खाचांशी तंतोतंत जुळणारा युनिव्हर्सल जॉइंटच (कोनात असलेले दोन शाफ्ट जोडून एकत्र फिरवणारा सांधा) घ्यावा, त्यात काटकसर नको. मोटरला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज द्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे, त्यामुळे आरटीओकडे आधी विचारणा करावी.