शरीरातल्या संस्था शिकताना या चुका टाळा

विज्ञानाच्या पेपरात इंद्रियसंस्थांवर प्रश्न हमखास येतो आणि मुलं ठरलेल्या जागीच मार्क घालवतात. नावं तोंडपाठ असतात, पण रक्त, हवा किंवा अन्न कुठून कुठे जातं हे विचारलं की गाडी अडते. म्हणून नावांआधी बाणांची दिशा पक्की करा.

सगळ्यात जास्त घोळ हृदयाचा. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ हे घोकलेलं वाक्य आधी विसरा. हृदयापासून दूर रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. रक्तात ऑक्सिजन किती, याचा इथे संबंध नाही. फुप्फुस धमनीतून कमी ऑक्सिजनचं रक्त फुप्फुसात जातं आणि फुप्फुस शिरांमधून ऑक्सिजनयुक्त रक्त परत येतं. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

दुसरी चूक डाव्या-उजव्याची. आकृतीतलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. डाव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, सगळ्या शरीरभर रक्त ढकलायचं असतं, म्हणून तिची भिंत जाड काढा. डाव्या-उजव्या दोन्ही जवनिकांच्या भिंती सारख्याच जाडीच्या काढल्या, तर आकृती नुसती पाठ केलीय हे लगेच कळतं.

पुस्तकात शिरा निळ्या रंगवतात ती निव्वळ सोय. रक्त निळं कधीच नसतं. तपासणीसाठी शिरेतून काढलेलं रक्त गडद लाल दिसतं.

शिरेत रक्त एकाच दिशेनं का जातं, हे हातावरच पाहता येतं. हात खाली सोडा, शिरा फुगू द्या. मनगटाच्या बाजूला एका बोटानं शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडे सारत न्या. आता दुसरं बोट उचला. रक्ताला मागे येऊ न देणारी झडप मध्ये असेल, तर ती आणि पहिलं बोट यांच्यामधला भाग रिकामाच राहतो. पहिलं बोट उचललं की शीर झटकन भरते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेनं 1628 साली याच प्रकारच्या प्रयोगांच्या आधारे रक्ताभिसरण मांडलं होतं. हे एकदा करून पाहिलेलं मूल झडपांचं काम सहसा विसरत नाही.

श्वसनात कारण आणि परिणाम उलटे लिहिले जातात. हवा आत येते ती फुप्फुसं आधी फुगतात म्हणून नव्हे. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली जातं, बरगड्या वर-बाहेर सरकतात, छातीची पोकळी मोठी होऊन आतला दाब घटतो आणि मग हवा आत शिरते. सिरिंजचा दट्ट्या ओढल्यावर होतं तेच. तेव्हा श्वास घेताना श्वासपटलाचा बाण खालीच हवा. उच्छ्वासात ‘फक्त कार्बन डायऑक्साइड’ असतो हेही चूक: त्यात तो सुमारे 4 टक्के, तर ऑक्सिजन सुमारे 16 टक्के असतो. तोंडाने कृत्रिम श्वास देता येतो तो त्यामुळेच.

पचनाच्या आकृतीत अन्नाचा बाण यकृतातून नेऊ नका. अन्न यकृतात किंवा स्वादुपिंडात जातच नाही. त्यांचे रस नलिकेतून लहान आतड्यात येतात. बरंचसं पचन आणि शोषण तिथेच होतं, जठरात नव्हे. आणि पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात ते फक्त साठतं आणि दाट होतं. म्हणून पित्ताशय काढलेल्या माणसाचंही जेवण पचतं.