फिलिपिन्सचा पारोल घरी कसा बनवायचा

फिलिपिन्समधे सप्टेंबर लागला की ख्रिसमसची गाणी सुरू होतात आणि मग खिडकीखिडकीत पारोल लटकतो, म्हणजे चांदणीचा कंदील, बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण म्हणून. आपला दिवाळीचा आकाशकंदील ज्याने केलाय त्याला हा सहज जमेल.

बांबूच्या 10 सारख्या कामट्या घ्या, साधारण फूटभर. 5-5 च्या दोन चांदण्या करून जिथे कामट्या एकमेकींवर येतात तिथे दोऱ्याने बांधा. मग दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं बांधायची, आणि आता मेन काम, मधल्या पाच जोडांमधे 3-3 इंचाचे तुकडे उभे अडकवायचे, त्यानेच पोट फुगतं. तुकडे पाचही सेम मापाचे हवेत नाहीतर चांदणी वाकडी दिसते, इथे अजिबात घाई करू नका. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवा, मागे छोटी फट ठेवा बल्बसाठी (एलईडीच लावा, कागद आहे शेवटी), खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या. झालं.

पूर्वी लोक हाच कंदील घेऊन पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायचे. 16 ते 24 डिसेंबर अशा नऊ मिस्सा असतात, सिंबांग गाबी म्हणतात त्याला, आणि बाहेर पडल्यावर चर्चसमोर गरम बिबिंगका मिळतो, नाव गोव्याच्या बेबिंकासारखं पण हा तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर भाजलेला. मला या सगळ्यात तो पहाटेचा अंधार आणि हातातला कंदील फार आवडतो.