पेटीचा सूर सॅम्पलरमध्ये कसा बसवावा

सॅम्पल हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ तिथेच होतो. संगणकाने घेतलेले ध्वनीचे एकेक मोजमाप म्हणजे सॅम्पल. सेकंदाला अशी ४४,१०० मोजमापे घेतली की सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ होतो. कीबोर्डची पट्टी दाबल्यावर वाजणाऱ्या मुद्रित तुकड्यालाही सॅम्पलच म्हणतात (असे तुकडे वाजवणारे उपकरण किंवा सॉफ्टवेअर म्हणजे सॅम्पलर), आणि पुढे मी शब्द याच अर्थाने वापरला आहे. सिंथेसिसमध्ये मात्र मुद्रित काहीच नसते. ऑसिलेटर लहर निर्माण करतो आणि फिल्टर तिला आकार देतो.

माझ्याकडची मुद्रणे कोल्हापुरातल्या एका तालमीच्या भजनी मंडळाच्या खर्ज-नर पेटीची आहेत. अशा पेटीत एका पट्टीला दोन रीड, म्हणजे कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात: खालच्या सुराची खर्ज आणि तिच्याहून एक सप्तक वरची नर. मुद्रण रात्री, पंखा बंद करून, २४ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक मोजमाप अधिक बारकाईने साठवून, करावे. दर तिसरी पट्टी घेतली तरी पुरते, कारण मग प्रत्येक सॅम्पल वर-खाली एकेकच पट्टी, म्हणजे सुमारे ६ टक्के, ताणावा लागतो. ४२ पट्ट्यांच्या पेटीला अशी १४ मुद्रणे लागतात. प्रत्येक सूर किमान ८ सेकंद, भात्याचा दाब जराही न बदलता धरावा.

आता लूप. हलगीची थाप आपोआप विरते, म्हणून तिला लूप लागत नाही. पेटीचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत चालला पाहिजे, म्हणून मुद्रणाचा मधला भाग सॅम्पलर पुन्हा पुन्हा फिरवतो. ‘लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कापा, झाले’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अपुरा आहे. त्याने सांध्यावरची टकटक जाते, पण सूर धाप लागल्यासारखा उसळत राहतो. याच सल्ल्यापायी मी कित्येक रात्री वाया घालवल्या आणि दोष मायक्रोफोनला देत राहिलो.

खरे कारण पेटीतच असते. समजा, खर्जाची रीड सेकंदाला २२० वेळा कंप पावते आणि नराची ४४२ वेळा. खर्जाचा दुपटीचा स्वरांश ४४० वर असतो, त्यामुळे दोघांच्या फरकातून सेकंदाला २ हेलकावे ऐकू येतात. लूप या हेलकाव्याच्या पूर्ण पटीतच हवा. इथे अर्ध्या सेकंदात खर्जाची ११० आणि नराची २२१ आवर्तने पुरी होतात, म्हणून २२,०५० मोजमापांचा लूप दोन्ही रीडना एकदम जुळतो. मी त्याची चौपट, म्हणजे २ सेकंदांचा लूप घेतो. फार आखूड लूप कृत्रिम वाटतो. आधी हेलकावे कानाने मोजावेत, मग लांबी ठरवावी आणि अगदी शेवटी शून्यरेषा शोधावी. हा क्रम उलटा करू नये.

क्रॉसफेड, म्हणजे लूपचा शेवट आणि त्याची सुरुवात एकमेकांत मिसळणे, सर्व चुका झाकतो असे मानणेही चूक आहे. दोन्ही टोकांच्या लहरी विरुद्ध दिशेने चालल्या असतील तर मिसळताना त्या एकमेकींना खातात आणि सूर पोकळ होतो. लूप आधी क्रॉसफेडशिवाय जुळवावा आणि मग उरलेला बारीक फरक पुसण्यापुरताच तो वापरावा. भात्याचा दाब बदललेला असेल, तर मुद्रण पुन्हा करण्यावाचून इलाज नाही.

त्यानंतर प्रत्येक सॅम्पलला त्याची रूट नोट, म्हणजे मूळ पट्टी, नेमून द्यावी. एन्व्हलपमध्ये, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराच्या आराखड्यात, अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) शून्याजवळ, सस्टेन (पट्टी दाबलेली असतानाची पातळी) पूर्ण आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) थोडा ठेवावा. व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी किती जोराने दाबली त्याचा, आवाजाशी असलेला संबंध तोडावा, कारण पेटीत जोर भात्याचा असतो, बोटाचा नव्हे.

सा आणि प एकत्र दोन मिनिटे दाबून ऐकावेत. खर्ज सप्तकातले, म्हणजे पेटीच्या सर्वांत खालच्या सप्तकातले, सूर तर आणखी लक्षपूर्वक ऐकावेत, कारण तिथे हेलकावे बहुधा संथ असतात आणि २ सेकंदांचा लूप अनेकदा ४ सेकंदांचा करावा लागतो.