कायाकला स्वस्तातला फिशफाइंडर बसवायचाय? आधी ड्रिल मशीन बाजूला ठेवा

कायाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी आणि फिशफाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. कायाकवर तो बसवायचा म्हटलं की पहिल्यांदा हात जातो ड्रिलकडे. माझाही गेला होता, शेजाऱ्याकडून मशीन मागून आणली, बुडावर मार्करने गोल काढला आणि नेमकी लाईट गेली, मे महिन्यात आपल्याकडे ती जातेच. बरं झालं गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला की चांगल्या बोटीच्या बुडाला भोक पाडायची काही एक गरज नाहीये.

मी जास्त करून जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला जातो, चांगदेवच्या बाजूला जिथे पूर्णा तापीला मिळते तिथे, कधी वाघूर धरणाला. पाण्यात उतरायच्या आधी एक विचारून घ्या, धरणांवर मासेमारीचा ठेका बऱ्याचदा तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांच्याशी बोलल्याशिवाय गळ टाकला तर भांडण ठरलेलं. आणि भिंतीजवळ, गेटजवळ जायचंच नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडतात तेव्हा पाणी तुमची वाट बघत नाही.

काय काय लागेल

चार इंचाच्या आसपास स्क्रीनचा साधा फिशफाइंडर पुरतो. गार्मिनचा स्ट्रायकर ४ बरेच जण वापरतात कारण त्यात जीपीएस आहे, म्हणजे जागा मार्क करून ठेवता येते, नकाशा नसतो पण आपल्या धरणात नकाशाचं काय करणार. याहून स्वस्तात पाण्यात फेकायचे बॉलसारखे वायरलेस पण मिळतात, ते काठावरून गळ टाकणाऱ्याला ठीक, कायाकवर मात्र त्यांना दोरी बांधून ओढत फिरावं लागतं आणि ती दोरी हमखास गळाच्या दोरीत अडकते, म्हणून मी त्या भानगडीत पडलो नाही. साइड स्कॅनवाले, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंचं पाणी दाखवणारे महागडे युनिट या लेखात नाहीत, कारण खाली जी पद्धत सांगतोय ती त्यांना जमत नाही.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, यूपीएसमध्ये असते ती. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते, वजन दोन-सव्वादोन किलो. छोटं युनिट साधारण पाव अँपिअर खातं, म्हणजे आठ तासाला २ अँपिअर-अवर, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही हा हिशोब धरला तरी दिवसभर आरामात चालते. माझा एक मित्र घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी न्यायला निघाला होता, भो ती कायाक आहे ट्रक नाही. पैसे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, वजन निम्म्याहून कमी.

बाकी मग फ्यूज होल्डर आणि फ्यूज (मॅन्युअलमध्ये लिहिलेला असेल तोच, छोट्या युनिटला बहुतेक ३ अँपिअरचा), घट्ट झाकणाचा डबा, हीट श्रिंक (तापवली की जोडावर आवळून बसणारी नळी), झिप टाय, एक जुनी हवाई चप्पल, चपला चिकटवायचं रबर सोल्युशन आणि अर्धा लिटर दुधाची रिकामी पिशवी. पिशवीला हसू नका, सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

ट्रान्सड्यूसर आतूनच बसतो

ट्रान्सड्यूसर म्हणजे तो काळा छोटा ठोकळा, आवाज खाली सोडतो आणि परत आलेला ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, ६ मीटर खाली जाऊन परत यायला जेमतेम ८ मिलिसेकंद. आता कायाकचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, त्याची घनता पाण्याच्या जवळपास असते म्हणून आवाज त्यातून बऱ्यापैकी पार होतो. हवेतून मात्र नाही. ट्रान्सड्यूसर आणि प्लास्टिकच्या मध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी आवाज तिथूनच उलटा फिरतो आणि स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. बसवायचं सगळं कौशल्य हवा बाहेर काढण्यात आहे, बाकी काम चिकटवाचिकटवीचं.

यामुळेच हवा भरायच्या कायाकला ही पद्धत चालत नाही, आणि ज्या कायाकच्या बुडात फोमचा थर आहे तिथेही नाही. त्यांनी अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाईप घ्यावा, एल्बो लावून बाजूने खाली सोडावा, टोकाला ट्रान्सड्यूसर, पाण्याखाली चार बोटं बुडेल इतका. काठाला लागताना वर उचलायचा विसरलात तर दगडाला आपटतो, ते सांभाळा. माझी कायाक कडक प्लास्टिकची, वर बसायची, पुढे हॅच, म्हणजे आत हात घालायचं झाकणवालं तोंड असलेली. खालचं सगळं तशा बोटीसाठी.

दुधाच्या पिशवीची टेस्ट

काहीही चिकटवायच्या आधी ही करा. सकाळी लवकर, वारा नसताना, निदान ३-४ मीटर पाण्यात जा. पहिल्यांदा ट्रान्सड्यूसर हातात धरून बोटीच्या बाजूने सरळ पाण्यात बुडवा आणि खोलीचा आकडा बघा. समजा ५.२ मीटर आला. आता धुतलेल्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात तोंड खाली करून ठेवा, बुडाच्या आतल्या बाजूला थोडं पाणी शिंपडा म्हणजे पिशवी आणि प्लास्टिकच्या मध्येही हवा राहणार नाही, आणि पिशवी दाबून धरा. आकडा ५.२ च्या आसपास स्थिर आला तर जागा पास. आकडा उड्या मारतोय, मध्येच गायब होतोय, तर पिशवी वीतभर सरकवा आणि परत बघा.

जागा कशी निवडायची, तर जिथे बूड सपाट आहे, आतून खाच किंवा उंचवटा नाही, हॅचमधून हात पोचतो, आणि तुम्ही बसल्यावर तो भाग पाण्यातच राहतो. अगदी नाकाकडे गेलात तर लाटेवर बूड वर उठतं. मला तिसऱ्या जागेला जमलं, दोन्ही पावलांच्या मध्ये जरा पुढे.

हे चालू असताना थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढणारे एक भोई काका जवळ आले, बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "हाई मशीन मासा दखाडस का?" मी हो म्हटलं. दुधाच्या पिशवीकडे बघून ते जे हसले ते अजून ऐकू येतं.

चपलेचं आळं

माझी पहिली चूक व्हॅसलीन. ऑनलाइन कुठेतरी वाचलं की ट्रान्सड्यूसरखाली व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, हवा राहत नाही. खरं आहे, मार्चपर्यंत मस्त चाललं. पण एप्रिलमध्ये बोट अंगणात, बाहेर ४४ डिग्री, आत त्याहून जास्त, सगळं व्हॅसलीन वितळून तुपासारखं बुडभर पसरलं. ज्या गावात अशी सोय चालते ते गाव थंड असणार. आपल्याकडे पाणीच बरं.

तर जुन्या हवाई चपलेचा सोल घ्या, त्यात ट्रान्सड्यूसर घट्ट बसेल असं भोक कापा, धारदार कटरने, घाई न करता. सोल पातळ असेल तर दोन थर. बुडाची आतली जागा सँडपेपरने घासा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि सोल रबर सोल्युशनने चिकटवा, कडेने गळती नको, आपण झाडाला आळं करतो ना तसं हे आळं. त्यावर काहीतरी वजन ठेवून रात्रभर सोडा. पॉलिथिलीनला कुठलाच गोंद जन्मभर धरत नाही, अधूनमधून उखडेल, परत लावायचा.

बोट पाण्यात सोडायच्या आधी आळ्यात दोन-तीन चमचे पाणी ओता आणि ट्रान्सड्यूसर थोडा तिरपा धरून, मग फिरवत दाबत बसवा म्हणजे बुडबुडे बाजूने निघून जातात. झालं. घरी जाताना काढून खिशात. आतून बसवल्यामुळे पाण्याचं तापमान बरोबर दाखवणार नाही, ते बोटीच्या बुडाचं दाखवतं, त्याकडे बघूच नका.

वायर आणि स्क्रीन

बॅटरी डब्यात, डबा सीटच्या मागे मधोमध, जितका खाली तितका चांगला. लाल वायरवर फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. लाल-काळी उलटी लावू नका, मी अंधारात लावली होती. जोडावर हीट श्रिंक चढवा, नुसती टेप उन्हात सुटते आणि चिकट लाळ सोडते. ट्रान्सड्यूसरची केबल कधीच कापायची नाही, लांब पडली तर गोल गुंडाळून झिप टाय, आणि पॉवरच्या वायरपासून लांब ठेवा नाहीतर स्क्रीनवर रेघोट्या येतात. मी केबल हॅचच्या कडेने काढली आहे. तुम्हाला वरच्या बाजूला भोक पाडायचंच असेल तर केबल ग्लँड लावा, म्हणजे केबलभोवती आवळून पाणी अडवणारं बूच, इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळतो.

स्क्रीनची जागा ठरवायला बोट अंगणात ठेवा, त्यात बसा आणि खरंच वल्हं मारा. लोक हसतील, मारा. जिथे वल्हं किंवा गुडघा लागत नाही तिथे क्लॅम्प. एक नाडी बांधून ठेवा. आणि पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर गॉगल लावूनच बघा, काही स्क्रीन त्यातून एका कोनात काळ्याठिक्कर दिसतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर

खोलीचं माप मीटरमध्ये करा, फ्रिक्वेन्सी २०० किलोहर्ट्झ, सेन्सिटिव्हिटी ऑटो, आणि ते माशाचं चित्र दाखवणारं सेटिंग बंद. बंदच. ते पाण्यातल्या फांदीला, बुडबुड्याला, कशालाही मासा म्हणतं आणि नवीन माणूस दिवसभर फांदीला चारा घालत बसतो.

स्क्रीनवर उजव्या कडेला दिसतं ते आत्ताचं, डावीकडे सरकलेलं ते मागचं. तुम्ही किंवा मासा हलत असाल तर मासा कमानीसारखा उमटतो, दोघंही जागेवर असाल तर लांब रेघ. आणि तो बरोबर बोटीखालीच आहे असंही नाही, २०० किलोहर्ट्झला आवाजाचा शंकू साधारण २० अंशाचा असतो, तळाला त्याची रुंदी खोलीच्या एक तृतीयांश, म्हणजे ९ मीटर पाण्यात तुम्ही ३ मीटरचा गोल बघताय.

मला विचाराल तर मासा दिसण्यापेक्षा तळ दिसणं कामाचं आहे. हतनूरला गाळ भरपूर, तिथे तळाची रेघ मऊ, फिकट येते. मुरूम किंवा खडक आला की रेघ ठळक होते आणि दुप्पट खोलीवर अजून एक पुसट रेघ दिसते, ४ मीटरला तळ आणि ८ मीटरला त्याचा प्रतिध्वनी. तो तळ नाही, तो कडक जमिनीचा पुरावा. अशा कडेला मी थांबतो. तसंच आडवं वल्हवत जाताना अचानक खोली दोन-तीन मीटरने वाढली तर समजायचं की बुडालेल्या नदीचं जुनं पात्र लागलं, लगेच जागा मार्क करा. भोई काकांना हे सगळं मशीनशिवाय माहितीये, काठावरच्या बाभळीची आणि समोरच्या देवळाच्या कळसाची रेघ धरून ते बरोबर पात्रावर जाळं टाकतात, माझी मार्क केलेली पहिली जागा त्यांच्या जाळ्यापासून पंधरा-वीस हातावर निघाली.

लाइफ जॅकेट घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही. परत आल्यावर स्क्रीन आणि बॅटरी काढून सावलीत, बंद गाडीत अजिबात नाही, दुपारी आपल्या गाड्यांची भट्टी होते. बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावा, लेड-अ‍ॅसिड रिकामी पडून राहिली की मरते. आळ्यातलं पाणी फडक्याने टिपा आणि हॅच रात्रभर उघडी ठेवा, सकाळी झाकण लावताना आत एकदा बघून घ्या, माझ्यात एकदा बेडूक निघाला होता.