घरातला जुना टेलिफोन मोबाइलच्या सिमवर कसा चालवावा

लँडलाइनची जोडणी परत केली तरी फोनचे उपकरण सहसा कोणी टाकून देत नाही. आमच्याकडेही ते कोपऱ्यातल्या तिवईवर, विणलेल्या रुमालाखाली, तीन वर्षे मुके पडून होते. आईला मोबाइल घेऊन दिला होता, पण फोन आला की पडद्यावर बोट कोणत्या बाजूला सरकवायचे हे तिला घाईत आठवत नसे, आणि ती स्वयंपाकघरात असली तर पर्समधल्या मोबाइलची रिंग तिच्या कानापर्यंत पोहोचतच नसे. जुन्या फोनची घंटा वाजली की उठायचे आणि रिसीव्हर उचलायचा, एवढे मात्र तिच्या अंगवळणी पडलेले होते. शेवटी मोबाइलचे सिम आणि ते जुने उपकरण यांची सांगड घातली. ती कशी घालायची, त्यासाठी काय विकत घ्यायचे आणि कुठे चूक होते, ते येथे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते. साध्या टेलिफोनला स्वतःची वीज नसते आणि डायल टोनही त्याचा स्वतःचा नसतो. एक्स्चेंजकडून येणाऱ्या तांब्याच्या दोन तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश (डीसी) दाब कायम असतो; रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते, प्रवाह वाहू लागतो आणि एक्स्चेंज डायल टोन पाठवते. घंटा वाजवण्यासाठी त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) दाब सोडला जातो. म्हणजे आपल्या फोनला सिमवर चालवायचे तर एक्स्चेंजची ही सगळी कामे घरच्या घरी करणारे काहीतरी हवे. बाजारात मिळणारी उपकरणे नेमके हेच करतात: एका बाजूने ती मोबाइलच्या जाळ्याशी बोलतात आणि दुसऱ्या बाजूने फोनसमोर एक्स्चेंज असल्याचे सोंग वठवतात.

कोणता मार्ग निवडावा

घरात फायबर इंटरनेट असेल तर आधी राउटरच्या मागे डोकावून पाहावे. अनेक फायबर राउटरना टेलिफोनची छोटी चौकोनी खाच असते आणि जिओफायबरसारख्या सेवांमध्ये साधा फोन तिथे लावता येतो. ती सोय चालू असेल तर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

ज्यांना जुन्या उपकरणाचा आग्रह नाही, त्यांनी सिम घालता येणारा टेबल-फोन घ्यावा. दिसायला तो लँडलाइनसारखाच असतो, त्याला बटणे, रिसीव्हर आणि आत बॅटरी असते. जोडणीची कोणतीही खटपट त्यात नाही.

जुनेच उपकरण वापरायचे असेल तर दोन मार्ग उरतात. पहिला, सिम घालायची पेटी. तिला ‘फिक्स्ड सेल्युलर टर्मिनल’ किंवा दुकानदारांच्या भाषेत ‘जीएसएम गेटवे’ म्हणतात. तिला एक अँटेना, सिमची खाच आणि टेलिफोनची वायर लावण्यासाठी आरजे-११ प्रकारची खाच असते. दुसरा, ब्लूटूथची पेटी, जी सिम स्वतः न घेता आपल्या नेहमीच्या मोबाइलशी बिनतारी जोडली जाते. घरात एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी माझे मत निःसंशय पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण मोबाइल घरात आहे की नाही, चार्ज आहे की नाही, यावर तो अवलंबून नसतो.

पेटी आणि सिम घेताना

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. स्वस्त मिळणाऱ्या अनेक पेट्या फक्त २जी जाळ्यावर चालतात. जिओचे २जी जाळे मुळातच नाही. तेथे आवाजाचे कॉलही ४जी वरूनच, म्हणजे व्होल्टीईने जातात. म्हणून जिओचे सिम २जी पेटीत घातले तर ती पेटी सिग्नल शोधत बसेल आणि कॉल कधीच लागणार नाही. त्याहून फसवी गोष्ट अशी की, काही पेट्यांवर ‘४जी’ असे ठळक छापलेले असते, पण ते ४जी केवळ इंटरनेटपुरते असते आणि बोलण्यासाठी ती पेटी २जी किंवा ३जी वरच उतरते. दुकानदाराला ‘४जी आहे का?’ असे न विचारता ‘या पेटीतून व्होल्टीईने बोलता येते का?’ असे विचारावे, आणि शक्य असल्यास आपलेच सिम घालून दुकानातच एक कॉल लावून पाहावा. मी पहिली पेटी हे न विचारता मागवली होती. ती परत करण्यात पंधरा दिवस गेले.

पेटीही शेवटी मोबाइलच असल्यामुळे तिला आयएमईआय हा पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो आणि तो सहसा तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. वापरलेली पेटी घेत असाल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवून ती चोरीची किंवा बाद केलेली नाही ना, हे पडताळून घ्यावे.

सिम शक्यतो नवे घ्यावे. बँकेशी किंवा आधारशी जोडलेला क्रमांक पेटीत घातला तर ओटीपीचे संदेश त्या पेटीतच अडकून पडतात, कारण साध्या फोनला संदेश दाखवायला पडदाच नसतो. लँडलाइनचा जुना क्रमांक सिमवर आणता येत नाही. आपल्याकडे क्रमांक-बदलीची सोय एका मोबाइल कंपनीकडून दुसरीकडे जाण्यापुरती आहे. नवे सिम आधी मोबाइलमध्ये घालून चालू करावे, एक कॉल करून पाहावा, सिमला पिन असल्यास तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा आणि मगच पेटीत घालावे. पिन चालू राहिला तर पेटी तो विचारणार कोणाला? बऱ्याच पेट्यांची खाच जुन्या मोठ्या सिमची असते, त्यामुळे नॅनो सिम ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून तोडून काढले ती चौकट फेकू नये.

जोडणी

पेटी बंद असताना सिम घालावे, अँटेना हाताने घट्ट फिरवून बसवावी आणि मगच वीज द्यावी. पेटीची जागा फोनच्या सोयीपेक्षा रेंज पाहून ठरवावी. मोबाइल हातात घेऊन घरभर फिरावे, जिथे दांड्या सर्वांत जास्त दिसतात तिथे, बहुधा खिडकीपाशी, पेटी ठेवावी, आणि तिथून फोनपर्यंत लांब वायर न्यावी. टेलिफोनची वायर दहा मीटर वाढवल्याने काही बिघडत नाही. रेंज कमी असल्याने मात्र सगळेच बिघडते. पेटी आणि फोन एकमेकांना खेटून ठेवू नयेत, कारण विशेषतः २जी वर चालणाऱ्या पेटीमुळे रिसीव्हरमध्ये ‘टर्र-टर्र’ असा आवाज येतो. दोन-तीन हातांचे अंतर ठेवले की तो जातो.

पेटीवरचा सिग्नलचा दिवा स्थिर झाला की एकच फोन थेट पेटीला लावावा. रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकावा, मोबाइलवर फोन लावून पाहावा, मग मोबाइलवरून या सिमवर फोन करून घंटा वाजते का ते पाहावे. क्रमांक फिरवल्यावर पेटी काही सेकंद वाट पाहते, कारण अंक संपले की नाहीत हे तिला कळत नाही. शेवटी # दाबले तर बहुतेक पेट्या लगेच कॉल लावतात.

एवढे झाले की अनेकांना वाटते, पेटीची वायर भिंतीतल्या जुन्या खाचेत लावली की घरातले सगळे पॅरलल, म्हणजे एकाच लाइनवर जोडलेले, फोन चालू होतील. होतात, पण त्याआधी एक काम चुकवून चालणार नाही. बाहेरून खांबावरून किंवा इमारतीच्या डीपी बॉक्समधून आलेली वायर घरात जिथे शिरते तिथे हाताच्या तळव्यात मावेल एवढी पांढरी डबी असते. लाइनमन तिला रोझेट म्हणतात. तिचे झाकण उघडले की आत स्क्रूंखाली दाबलेल्या तारांच्या जोड्या दिसतात: एक बाहेरून आलेली, बाकीच्या घरात जाणाऱ्या. बाहेरून आलेल्या जोडीचे दोन्ही स्क्रू सैल करून त्या तारा काढाव्यात आणि त्यांची टोके वेगवेगळी इन्सुलेशन टेपने गुंडाळून बाजूला वळवून ठेवावीत. ही जोडी लागलेली राहिली आणि तिच्यावर एक्स्चेंजचा दाब अजून असला, किंवा कोणी चुकून ती लाइन पुन्हा चालू केली, तर दोन एक्स्चेंज एकाच तारेवर भिडतात आणि त्यात पेटी जळू शकते. जोडणी बंद केली म्हणजे तारेत वीज नाही, असे गृहीत धरू नये. मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून त्या दोन तारा तपासाव्यात. ४८ च्या आसपास आकडा दिसला तर लाइन अजून जिवंत आहे. घंटेचा दाब हाताला चांगलाच झटका देतो, म्हणून पेटीची वीज बंद ठेवूनच हे काम करावे, आणि बाहेरची लाइन जिवंत असू शकते हे धरून तिच्या तारांच्या उघड्या टोकांना हात लावू नये.

किती फोन लावायचे यालाही मर्यादा आहे. जुन्या, खऱ्या धातूच्या घंटेच्या फोनला वाजायला जास्त शक्ती लागते, आजच्या इलेक्ट्रॉनिक रिंगच्या फोनला कमी. लहान पेटी दोन-तीन फोन सहज वाजवते. त्याहून जास्त लावले की सगळ्यांच्याच घंटा मलूल होतात.

चकतीचा फोन असेल तर

बोट घालून फिरवायच्या चकतीचे काळे फोन अजून कित्येक घरांत जपून ठेवलेले आहेत. चकती परत येताना ती तारेतला प्रवाह तोडत-जोडत येते: ३ साठी तीन वेळा, ० साठी दहा वेळा. बटणांचा फोन मात्र प्रत्येक अंकासाठी दोन सुरांचा मिळून एक ध्वनी पाठवतो. पुष्कळ पेट्यांना केवळ हे सूरच कळतात. अशा पेटीवर चकतीचा फोन येणारे कॉल व्यवस्थित घेतो, घंटाही सुरेख वाजते, पण बाहेर फोन लागत नाही. त्यावर चकतीच्या या तोड-जोडीचे (पल्सचे) सुरांमध्ये (टोनमध्ये) रूपांतर करणारा छोटा जोड मिळतो, किंवा शेजारी एक साधा बटणांचा फोन पॅरलल लावता येतो. ‘मराठीसाठी एक दाबा’ असे सांगणाऱ्या यंत्रांपुढे मात्र असा जोड नसलेला चकतीचा फोन हतबलच राहतो.

येणाऱ्याचा क्रमांक दाखवणाऱ्या फोनवर क्रमांक दिसत नसेल, तर तो पाठवण्याच्या एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन पद्धती आहेत हे लक्षात घेऊन पेटीच्या सेटिंगमध्ये दुसरी निवडून पाहावी.

ब्लूटूथची पेटी

मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत पेटीचे नाव निवडायचे, मागितल्यास माहितीपत्रकात दिलेला पिन टाकायचा आणि पेटीला फोन लावायचा, एवढेच काम आहे. कॉल मोबाइलच करत असल्यामुळे व्होल्टीईचा प्रश्न इथे येत नाही. अंतर मात्र साधारण दहा मीटर, आणि मध्ये विटांची भिंत आली की त्याहून कमी. मोबाइल चार्जिंगला लावून पेटीजवळ ठेवायची सवय असलेल्यांना ही सोय उत्तम आहे.

रोजच्या वापरात

लँडलाइनच्या सवयींपैकी एक मोडावी लागते. गावातल्या गावात लँडलाइनवर फोन करताना पूर्वी एसटीडी कोड लागत नसे; आता फोन सिमवरून जात असल्याने तो लागतोच. पुण्यातून पुण्यातल्या लँडलाइनला ०२० आणि मुंबईतून मुंबईतल्या लँडलाइनला ०२२ लावूनच क्रमांक फिरवावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. सिमवर त्याची गरज नाही, पण लावले तरी कॉल जातो, त्यामुळे ती सवय तशीच राहू द्यावी.

भारनियमनातही जुना फोन चालायचा, कारण वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येत असे. पेटीचे तसे नाही. तिच्यात बॅटरी नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा, मात्र ॲडॉप्टरवर छापलेला व्होल्टेजचा आकडा जुळतो का ते आधी पाहावे. अडीअडचणीला ११२ लावायची वेळ वीज गेलेली असतानाच येऊ शकते.

मोबाइल उचलला नाही तर कॉल या सिमकडे वळावा, अशी सोय मोबाइलच्या कॉल सेटिंगमधून करता येते. २०२४ च्या एप्रिलपासून *४०१# सारख्या यूएसएसडी संकेतांनी कॉल वळवण्याची सोय दूरसंचार विभागाच्या आदेशाने थांबवली गेली आहे, कारण त्याच वाटेने लोकांचे कॉल चोरांकडे वळत होते. फोनवरून कोणी ‘हा संकेत दाबा’ म्हणून सांगितले तर दाबू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहावी. पेटीतले सिम आपल्याला आठवण करून देणारे संदेश दाखवत नाही आणि मुदत संपली की काही दिवसांनी येणारे फोनही थांबतात. आमच्याकडे एकदा असेच चार दिवस घंटा वाजली नाही, आणि कोणाला आपली आठवणच येत नाही असे आईला वाटत राहिले.

शेवटचे काम कात्री आणि डिंकाचे. नवा क्रमांक बोटभर उंचीच्या आकड्यांत कागदावर लिहून उपकरणाच्या वरच्या बाजूला चिकटवावा. घरच्या फोनचा नंबर विचारला की आई अजून जुनाच सांगते.