कोऱ्या शीटपासून बॉक्सएन: १:८७ मधली कोळशाची वॅगन

पहिलं मॉडेल म्हणून इंजिन करायला घेऊ नका. मोटर, गिअर, वायरिंग, बॉडी सगळं एकदम अंगावर येतं आणि एक गोष्ट अडली की अख्खा छंद माळ्यावर जातो. वॅगन घ्या, आणि वॅगनमध्ये बॉक्सएन. वरून उघडी, बाजू सरळ, गोलाई जवळजवळ नाहीच. शिवाय मालगाड्यांच्या मार्गावरच्या कुठल्याही मोठ्या स्टेशनात थोडा वेळ थांबलात तर एखादा रेक (अशा वॅगनांची सलग जोडलेली गाडी) समोरून जातोच. मी मूळची भुसावळची, दीपनगरच्या वीज केंद्राचा कोळसा बघतच मोठी झाले, त्यामुळे निवड पक्षपाती आहे हे कबूल. सध्या पुण्यात डेंटल लॅब चालवते. त्याचा इथे काय संबंध, ते बोगीपाशी (बोगी म्हणजे इथे डबा नाही, वॅगनखालची चाकांची चौकट) कळेल.

आधी मापं. खरं मिलिमीटरमधलं माप घ्यायचं आणि ८७ ने भागायचं, बस. बॉक्सएनची हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक लांबी ९७८४ मिमी, म्हणजे मॉडेलात ११२.५. कपलर (वॅगन एकमेकींना जोडणारे आकडे) धरून १०७१३, म्हणजे १२३.१. बाहेरून रुंदी ३२००, म्हणजे ३६.८. रुळापासून उंची ३२२५, म्हणजे ३७.१. आतली रुंदी २९५० आणि आतली उंची १९५०, म्हणजे अनुक्रमे ३३.९ आणि २२.४. दोन बोगींच्या केंद्रांमधलं अंतर ६५२४, मॉडेलात बरोबर ७५.

बाकी तपशील फोटोवरून काढायचे. वॅगनच्या मधोमध काटकोनात उभं राहा, जितकं लांब जाता येईल तितकं जा आणि झूम करा. जवळून वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत टोकाच्या पट्ट्या तिरक्या येतात आणि तो फोटो मोजायला निकामी होतो. प्लॅटफॉर्म किंवा रस्त्याकडून जे दिसेल त्यावर भागवा. यार्डात घुसू नका, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी शंटिंग चालू असताना तिथे तुमचं काही काम नाही.

फोटोचं प्रमाण ठरवताना बरेच जण चाकाचा व्यास धरतात. ते करू नका. बॉक्सएनचं चाक नवीन असताना १००० मिमी असतं, पण झिजत आणि लेथवर तासलं जात जात ९०६ पर्यंत चालवतात. म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त चूक बसल्या जागी. त्याऐवजी बोगी केंद्रांचं ६५२४ धरा, ते बदलत नाही. याच झिजेचा दुसरीकडे फायदा होतो. ११.५ मिमीचं चाक सहज मिळत नाही, १०.५ चं मिळतं. १०.५ गुणिले ८७ म्हणजे ९१३. तुमच्या वॅगनची चाकं कंडेम व्हायला टेकली आहेत एवढंच, मॉडेल चुकलेलं नाही.

रुळाचा प्रश्न मात्र आहे. एचओचा (१:८७ च्या मॉडेलांचा) रूळ १६.५ मिमी अंतराचा, तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी. आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजला १९.३ हवा. काही कट्टर मंडळी स्वतः रूळ घालतात, त्यांना माझा नमस्कार. बाजूने बघताना हा फरक दिसत नाही आणि मला गाडी मित्रांच्या लेआउटवरही (मांडलेल्या मॉडेल रुळांवर) चालवायची असते, म्हणून मी १६.५ वरच राहते.

आता बॉडी. तळाला १ मिमी स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट, बाजूंना ०.५ मिमी. तळ ३३.९ रुंद कापा. दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या भिंती लागल्या की ३४.९ होतात. बाहेरची रुंदी ३६.८, म्हणजे उरले १.९, दर बाजूला ०.९५. ही झाली बाहेरच्या उभ्या पट्ट्यांची जाडी. त्यासाठी १ मिमीची चौकोनी पट्टी लावून कानशीचा एक हात मारला की माप जुळतं. टोकाच्या भिंती धरून लांबी ११२.५ भरायला हवी, म्हणून तळ १११.५ लांब. भिंतींची उंची २३.४ ठेवा, कारण त्या तळाची कडसुद्धा झाकतात.

स्टायरीन आरपार कापायचं नसतं. धातूच्या पट्टीला लावून कटरने दोन-तीन हलके ओरखडे पाडा आणि वाकवून मोडा, कड स्वच्छ येते. उभ्या पट्ट्या भिंत सपाट असतानाच काचेवर ठेवून चिकटवा, खोका उभा केल्यावर नाही. प्रत्येक पट्टीची जागा फोटोवरून मोजा, कारण दारांमुळे पट्ट्यांमधली अंतरं सारखी नसतात. पट्टी जागेवर धरायची आणि पातळ प्लॅस्टिक सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा, द्रव आपोआप आत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवा. चारही भिंती तळाला लावताना प्रत्येक कोपऱ्यात गुण्या लावा. इथे अर्धा अंश चुकला तर वॅगन रुळावर तिरकी दिसते आणि नंतर कशानेही सरळ होत नाही. रिव्हेटच्या ठिपक्यांच्या फंदात पडू नका, ही बहुतेक वेल्डिंगची वॅगन आहे.

बोगीपाशी खरी गंमत. बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते: दोन बाजूंना ओतीव पोलादी साइड फ्रेम, मध्ये आडवा बोल्स्टर, फ्रेमच्या खिडकीत स्प्रिंगांचा गठ्ठा. अमेरिकन मॉडेलच्या तयार बोगी दिसायला जवळच्या, पण त्यांचा व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) कमी. आपला २००० मिमी, म्हणजे २३ मिमी. त्या बहुतेक २०-२१ च्या आसपास असतात, आणि हे दोन-अडीच मिलिमीटर डोळ्यात खुपतात. वर कितीही बारीक काम केलं तरी खाली अमेरिकन बोगी दिसली की वॅगन नागपूरची न राहता नेब्रास्काची होते.

म्हणून एकच साइड फ्रेम जीव ओतून बनवा आणि तिच्या नकला काढा. आकार दोन शीट चिकटवून कापा, कडा कानशीने गोलसर करा, ओतकामाला धारदार कड शोभत नाही. स्प्रिंगसाठी तांब्याची ०.३ मिमीची तार बारीक ड्रिलच्या दांड्यावर घट्ट गुंडाळून तुकडे करा. ॲक्सलच्या टोकावरच्या टोपीला तीन बोल्ट असतात, स्टायरीनचे ठिपके टाचणीने उचलून बसवा. तेवढ्या तीन ठिपक्यांनी बोगी खरी वाटायला लागते.

साच्यासाठी मी दातांच्या मापाचं सिलिकॉन वापरते, घट्ट पुट्टी आणि पातळ लाइट बॉडी. डेंटल मालाच्या दुकानात मिळतं. मूळ फ्रेम दुहेरी टेपने काचेवर पक्की करा. लाइट बॉडी एका टोकापासून सुरू करून न थांबता पुढे सरकवत ओता, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. उलटसुलट ओतलं की नेमका बोल्टच्या डोक्यावर बुडबुडा बसतो. वरून पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घेऊन मळून दाबा. पुट्टी मळताना लेटेक्सचे हातमोजे नकोत, त्यातल्या गंधकामुळे हे (ॲडिशन प्रकारचं) सिलिकॉन जमत नाही, चिकटच राहतं. नायट्राइलचे घाला किंवा हात साबणाने धुऊन मोकळ्या हाताने मळा.

साच्यात सेल्फ क्युअर (आपोआप घट्ट होणारं) ॲक्रिलिक घालायचं. पावडर आणि लिक्विड वाटीत कालवून ओतण्यापेक्षा चिमूटभर पावडर, त्यावर थेंबभर लिक्विड, पुन्हा पावडर, असं थराथराने भरा. बारीक कोपरे भरतात आणि पोकळी राहत नाही. लॅबमधल्या प्रेशर पॉटात कोमट पाण्यात ठेवलं तर तुकडा काचेसारखा घट्ट निघतो. माझ्याकडची मुलं कवळीच्या कामात हे बोगीचे तुकडे मिसळू नयेत म्हणून त्यांचा वेगळा डबा ठेवतात. बोल्स्टर स्टायरीनचा चालेल, पण ॲक्रिलिकला प्लॅस्टिक सिमेंट भरवशाचं नाही, तिथे सुपरग्लू लावा. साइड फ्रेमला आतून पितळी बेअरिंगच्या वाट्या बसवून टोकदार ॲक्सल घाला. चाकाला बोटाने टिचकी मारली की ते फिरत फिरत हळू थांबलं पाहिजे.

बोगी बसवताना एक बोगी स्क्रूने अशी आवळा की ती फक्त वळेल, डुलणार नाही. दुसरी सैल सोडा, ती डावी-उजवीकडे डुलू दे. दोन्ही घट्ट केल्या तर रूळ जरा उंच-सखल झाला की चाक वर उचललं जातं, दोन्ही सैल असतील तर वॅगन झिंगते.

कपलरची उंची आधी ठरवून टाका. खऱ्या गाडीची ११०५ मिमी, म्हणजे १२.७. बाजारातले एचओ कपलर मात्र सुमारे ९.९ मिमीवर येतात. सगळा रेक तुमचाच असेल तर १२.७ ठेवा. माझ्यासारखं दुसऱ्याच्या लेआउटवर जायचं असेल तर गुपचूप ९.९.

रंगाला रेड ऑक्साइडची फिकी छटा आणि वर कोळशाच्या धुळीचे वॉश (पातळ रंगाचे हात), जास्त करून दारांच्या फटींखाली. अक्षरं पांढरी, आणि घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. पारदर्शक डिकल पेपरवर (त्यावरची अक्षरं मॉडेलवर चिकटवता येतात) स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून छापून घ्या, लग्नपत्रिका छापणारे करून देतात, फक्त सगळ्या वॅगनचे नंबर एकाच शीटवर न्या. नंबर मनाला येईल तो टाकू नका. वॅगनचा नंबर अकरा आकडी असतो: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), दोन बांधणीच्या सालाचे, चार क्रमांकाचे, शेवटचा ताळ्याचा. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम जागांची बेरीज मिळवा, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो ताळ्याचा आकडा. १००१०५१२३४ ला सम जागांचे ० १ ५ २ ४, बेरीज १२, तिप्पट ३६. विषम जागांचे ५. एकूण ४१, म्हणून शेवटी ९. हे तपासणारे लोक असतात. मी त्यातलीच.

वजनासाठी एनएमआरएची (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) शिफारस आहे: सुरुवातीला एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा. आपल्या वॅगनला हे नव्वद ग्रॅमच्या आसपास जातं. रिकाम्या उघड्या वॅगनमध्ये एवढं लपवायला जागा नाही, म्हणून मी भरलेलीच करते. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या तळावर, वर स्टायरीनचा खोटा तळ, त्यावर कोळसा. कोळसा दगडीच हवा, लोहाराकडून आणा. इस्त्रीवाल्याचा लोणारी कोळसा मंद काळा दिसतो, त्याला ती चमक नसते. खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीने चाळा, फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून ड्रॉपरने सोडा. लोडरने भरलेल्या वॅगनमध्ये दोन-तीन उंचवटे दिसतात, सायलोखाली (कोळशाच्या उंच कोठीखाली) भरलेल्यात सलग ढीग. एका रेकमध्ये दोन्ही मिसळू नका.

इंजिनाचं थोडक्यात. खऱ्या रेकमध्ये ५८ वॅगन असतात, मॉडेलात ते सात मीटरच्या वर जातं, म्हणजे फ्लॅटमध्ये नाहीच. दहा-बारा वॅगन ओढायला एक बऱ्यापैकी चेसिस पुरतं, आणि चेसिस विकतच घ्या. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन करायचं असेल तर अमेरिकन अल्को कंपनीच्या सहा ॲक्सलवाल्या इंजिनाचं जुनं चेसिस शोधा, कारण ते मूळ अल्कोचंच डिझाइन आणि विषम अंतराच्या ॲक्सलची ट्रायमाउंट बोगी ही दोघांची खूण. बफर ते बफर १७१२० मिमी, म्हणजे १९६.८, त्यात चेसिस बसतं का ते पैसे देण्याआधी मोजा. लांब हुड (इंजिनावरचं झाकण), केबिन आणि छोटा हुड वेगवेगळे खोके म्हणून करा, वॅगनचीच पद्धत. हुडच्या वरच्या गोल कडांसाठी कोपऱ्यात आतून जाड पट्टी भरा आणि बाहेरून कानस चालवा, शीट वाकवायच्या भानगडीत पडू नका. रेलिंग ०.४ मिमी पितळी तारेचं, आणि ते सगळ्यात शेवटी, नाहीतर रंगकाम करताना बोट लागून वाकतं.